माइकला लावलेलं कुंकू

अप्पांचे आवाज दोन होते. घरातला आवाज मराठी. चहात साखर कमी पडली हे सांगतानाही तो इतका हळू निघायचा की आई म्हणायची, "बाहेर सगळा विकून येतात, घराला उरलंसुरलं." बाहेरचा आवाज कन्नड, आणि तो रिक्षाच्या टपावर बांधलेल्या कर्ण्यातून यायचा. साड्यांचा सेल, सर्कशीचे खेळ, जत्रेतल्या कुस्त्या, उद्या नळाला पाणी नाही, असलं सगळं म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यापासून पिरियापट्टणपर्यंत लोक अप्पांच्या तोंडून ऐकायचे. पेठेतलं कुणी मोठं माणूस गेलं की तेही अप्पाच सांगायचे, आणि तेव्हा आवाज असा खाली आणायचे की सायकलवाले उतरून उभे राहायचे. "बन्नि, बन्नि, तप्पदे बन्नि", म्हणजे या, या, न चुकता या, हे त्यांचं बोलणं शाळेतल्या मुलींना पाठ होतं. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी तेच म्हणायचं. मला राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं.

घर दोन खोल्यांचं आणि मागं एक अंधारी खोली. तिला सगळे रंगाची खोली म्हणत, कारण आमची माणसं कधीकाळी तिथं कापड रंगवायची. मला कळायला लागलं तेव्हा त्या रंगातला फक्त एक निळा डाग फरशीच्या कोपऱ्यात उरला होता. आई दर सणाला तो घासायची आणि दर सणाला तो तसाच राहायचा. सकाळी घर जागं व्हायचं ते अप्पांच्या खाकरण्यानं. आधी खाकरणं, मग चटणीसाठी मिक्सरची घरघर, मग शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज. जत्रांचे दिवस आले की अप्पांचा घसा बसायचा. आई मिरी, जिरं, धणे भाजून कुटायची, गूळ-दूध घालून त्याचा कषाय करायची आणि तो कढत कढत त्यांच्यासमोर ठेवून प्यायलेला बघूनच उठायची. मग घसा सुटायचा. सुताराच्या हाताला घट्टे असतात, तसा अप्पांचा घसा बसतो, इतकंच आम्हाला ठाऊक. गालात विडा असायचाच, आणि त्यात पिरियापट्टणच्या शेतकऱ्यांनी प्रेमानं दिलेलं तंबाखूचं पान चुरलेलं. बोलायच्या आधी विडा काढून खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा आणि बोलून झालं की परत गालात, अशी त्यांची रीत. आईला त्याची शिसारी यायची. ती त्या चौकटीला कधी हात लावायची नाही.

घरात रेकॉर्डिंग करायची कल्पना दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ मोहन. तो एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचा आणि त्याला वाटायचं की कॉम्प्युटरला अजून बरंच काही येतं. त्याचं म्हणणं असं, की अप्पा दिवसभर धुळीत बसून ओरडतात आणि एका दिवसात एकच गाव होतं. तेच घरात नीट बोलून घेतलं, सीडी केली, तर एकाच दिवशी तीन तालुक्यांत तीन रिक्षा फिरतील आणि अप्पा घरात बसून अवरेकाळू, म्हणजे वालाचे दाणे, सोलतील. अप्पांना हे पटलं नव्हतं, पण नाही म्हणण्याइतका घरातला आवाज त्यांच्याकडे नव्हता. दादानं रंगाच्या खोलीची खिडकी गादी लावून बंद केली, भिंतींना कांबळी ठोकली आणि आईचं कपड्यांचं कपाट उचलून तिथं नेलं. कपाट उघडं ठेवून साड्यांकडे तोंड करून बोललं की आवाज घुमत नाही, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. आईला आता नेसायची साडी काढायला स्टुडिओत जावं लागायचं. "माझ्या लुगड्यांना भाषण ऐकवणार काय हे?" ती म्हणाली. पण मला दिसत होतं, तिला मनातून मजा वाटत होती.

राहिला माइक. जुना माइक रिक्षातला, लोखंडी, जड, जाळी चेपलेली. त्यात कुणीही बोललं तरी अप्पांचाच भाऊ बोलल्यासारखं वाटायचं. दादाला तो नको होता. बेंगळूरला एक दुकान होतं, तिथं माइक घ्यायच्या आधी बोलून बघू देत. आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं गेलो. दादानं काय करावं, तर प्रत्येक माइकसमोर अप्पांना उभं करून एकच वाक्य म्हणायला लावलं आणि स्वतः हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत राहिला. बाहेर रस्त्यावर हॉर्न, दुकानात चार गिऱ्हाइकं आणि मध्ये अप्पा आपले "बन्नि, बन्नि" करताहेत. दुकानदारानं शांतपणे समजावलं की माइक दोन जातीचे. एक स्टेजचा, तो तोंडासमोरचं तेवढं घेतो आणि बाकीचं सोडून देतो. आवाजातलं खडबडीतही सांभाळून घेतो. दुसरा बंद खोलीचा, त्याला वेगळी वीज द्यावी लागते आणि तो सगळं ऐकतो, श्वाससुद्धा. दादाचे डोळे दुसऱ्यावर. अप्पांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला आणि मराठीत हळूच म्हणाले, "एवढं कशाला ऐकायला पायजे त्यानं?" दादा हसला. मीही हसले. तोच घेतला.

आजही लोक दादाकडे कोणता माइक घ्यावा हे विचारायला येतात. मुलं फोनवर चित्रं दाखवतात, कुणी काय म्हटलंय ते वाचून दाखवतात. तो फोन बाजूला ठेवायला सांगतो आणि आधी माणसाला बोलायला लावतो. खोली कशी आहे, गिरणी किती लांब आहे, आवाज कुणाचा आहे हे ऐकून मग सांगतो. पन्नाशी उलटलेला माणूस असला तर जरा जास्तच वेळ ऐकतो. त्यांना वाटतं, फार बारकाईनं काम करतो.

माइक घरात आला आणि लगेच खंडेनवमी आली, म्हैसूरला सगळे जिला आयुधपूजा म्हणतात ती. आमच्याकडे त्या दिवशी पोट भरणाऱ्या सगळ्या वस्तूंची पूजा व्हायची. अप्पांची रिक्षा धुवून तिला केळीचे खुंट बांधायचे, शेवंतीच्या माळा घालायच्या, कोहळ्यात कुंकू भरून तो उंबऱ्यासमोर फोडायचा. मग आई तबक घेऊन घरभर फिरायची. शिवणाचं मशीन, विळी, कात्री, मिक्सर, दादाचा कॉम्प्युटर, सगळ्यांना ओलं हळद-कुंकू, वर फूल, वर सांब्राणीचा धूर. दादा त्या वेळी चाकाखाली लिंबं ठेवायला बाहेर गेला होता. तो परत आला तेव्हा नव्या माइकच्या जाळीवर दोन ठसठशीत बोटं उमटलेली होती, एक पिवळं, एक लाल, आणि ओलं कुंकू जाळीतून आत उतरत होतं. होळगी, म्हणजे पुरणपोळी, खायला बसायच्या आधीच भांडण झालं. आई आधी हसत होती, मग तबक उचलून आत गेली.

दोन दिवसांनी पहिलं रेकॉर्डिंग केलं, दुपारी, गिरणी बंद असताना. साड्यांच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात होती. अप्पा बोलले सुरेख. पण दादानं ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. प्रत्येक लांब स्वराच्या खाली काहीतरी खरखरत होतं. फार नाही. तांदूळ निवडताना खडा सुपावर घासतो तेवढंच. "बन्नि" मधला "ब" स्वच्छ आणि "न्नि" ला खर. दादानं माइक उघडता येईल तेवढा उघडला, मऊ ब्रशनं पुसला, आतला ओलावा जावा म्हणून आईच्या तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरून ठेवला. परत रेकॉर्डिंग. परत खर. मग तो आईला जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. आई म्हणाली, "अय्यो, लग्न झाल्यापासून मशीनला लावते कुंकू. कधी अडलं काय ते? विळी बोथट झाली काय? माझ्या हातानं काही बिघडत नाही." अप्पाही त्या दिवशी तिच्या बाजूनं उभे राहिले नाहीत. ते म्हणाले, "सुम्ने, उगाच, कशाला हात लावायचा माहीत नसलेल्या वस्तूला." आईला मुलाचं बोलणं लागलं नव्हतं, अप्पांचं लागलं. त्या रात्री तिनं नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, वळले, वर ओतायला सारू केलं, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

दिवाळीचा हंगाम म्हणजे आमचं वर्ष. त्यात एच. डी. कोटे गावच्या कापडवाल्यानं घाईत तशीच दिलेली सीडी परत पाठवली. आवाज फाटतो म्हणाला, दुसरी करून द्या नाहीतर दुसऱ्याकडे जातो. बेंगळूरच्या माइकच्या दुकानाला दादानं फोन केला तर ते म्हणाले, कुंकू लागलेला माल परत घेत नाही. घरात रोज तेच बोलणं. आई रंगाच्या खोलीत पाऊल टाकीना. आठवडाभर दोनच साड्या आलटून पालटून नेसली, पण कपाटाकडे गेली नाही. अप्पा रोज संध्याकाळी कषाय पीत आणि म्हणत, घसा आज बरा आहे, आज होईल नीट. मला त्या दिवसांत घरी यायला नको वाटायचं. कॉलेज सुटलं तरी मी देवराज मार्केटमधून उगाच फुलं बघत फिरायचे.

शेवटी दादानं एका वाद्यवृंदातल्या मित्राकडून दुसरा माइक मागून आणला. त्याच जातीचा, पण ज्याला आईचं बोट कधी लागलं नव्हतं असा. अप्पा बोलले. दादानं ऐकलं. मग त्यानं वायर बदलली. मग कॉम्प्युटरचा प्लग दुसऱ्या ठिकाणी लावला. मग घरातला फ्रीज बंद केला. अप्पा प्रत्येक वेळी विडा खिडकीत ठेवून तेच वाक्य म्हणत होते आणि दादा नकारार्थी मान हलवत होता. त्यानंतर अप्पा चहा प्यायला बाहेर गेले. जाहिरातीत एका बाईचं वाक्य होतं, "अम्मा, ननगू ओंदु सीरे", आई, मलाही एक साडी. ते मी म्हणायचं होतं. मी साड्यांसमोर उभी राहिले आणि म्हटलं. दादा म्हणाला, परत. मी परत म्हटलं. मग त्यानं मित्राचा माइक काढला, आमचा, कुंकवाचा, लावला आणि म्हणाला, परत. मी म्हटलं. त्यानं हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. माझा आवाज ऐकू आला. पातळ, जरा नाकातला, पण धुतल्यासारखा स्वच्छ. खर कुठंच नव्हती.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. दादा नुसता अप्पांचं वाक्य आणि माझं वाक्य, एकामागून एक, पुन्हा पुन्हा लावत होता, जणू कितव्या तरी वेळी ते बदलेल.

तेवढ्यात आई दारात आली. आठवड्यात पहिल्यांदा. साडी घ्यायला आली असावी. आम्हाला बघून ती थांबली आणि म्हणाली, "काय झालं? आता काय बिघडवलं मी?" दादानं हेडफोन तिच्या डोक्यावर चढवले. तिनं ते कधी लावले नव्हते. दोन्ही हातांनी कान दाबून ती उभी राहिली. आधी माझं वाक्य लागलं, ती किंचित हसली. मग अप्पांचं. तिचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. तिनं ते दोनदा ऐकलं. सकाळचं ते खाकरणं रोज तिच्या उशीशेजारी होत होतं. गेले कित्येक दिवस ते लांबत चाललंय हे आमच्यापैकी कुणाला माहीत असलं तर तिलाच. हेडफोन काढून तिनं टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "नाही. कुंकवानंच झालंय ते."

"आई, दुसऱ्या माइकातपण तेच येतंय," दादा म्हणाला.

"माझंच चुकलं. मीच लावलं ना ओलं कुंकू? तू नीट पुसला नाहीस मोहन. परत पुस. आत राहिलं असेल काहीतरी." आणि तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून जाळी पुसायला सुरुवात केली. पंधरवडाभर जी बाई माझ्या हातानं काही बिघडत नाही म्हणून भांडली, ती आता आमच्या पुढं हात जोडल्यासारखी, सगळा दोष आपल्या अंगावर घ्यायला बसली होती. बाहेरून अप्पांनी विचारलं, "झालं काय? येऊ काय मी?" त्यांचा घरातला, हळू आवाज. आता मला त्यातही ते ऐकू आलं.

दवाखान्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घशात कॅमेरा घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि डॉक्टर अप्पांशी कन्नडमध्ये सरळ बोलले. गाठ स्वरयंत्रावर आहे, काढली तर माणूस राहील, आवाज राहणार नाही. श्वास गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यायचा. वेळेवर आलात, ते म्हणाले, पुष्कळ लोक अन्न अडकायला लागल्यावर येतात. कशावरून कळलं, हेही त्यांनी विचारलं. अप्पांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माइक चांगला आहे, सर." घरी येताना त्यांनी विड्याचा डबा दवाखान्याच्या फाटकाजवळच्या कचऱ्यात टाकला. आई बघत होती.

ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस मिळाले आणि त्या दिवसांत दादानं एक काम काढलं. अप्पांचा आवाज तुकड्यातुकड्यानं साठवायचा. वारांची नावं, गावांची नावं, "इंदे बन्नि", "कोने दिन", म्हणजे आजच या, शेवटचा दिवस, दुकानांना लागतात ते सगळे शब्द. पुढं ते जोडून जाहिराती करता येतील आणि कोटे-पिरियापट्टणची गिऱ्हाइकं राहतील. स्टँडवर जुना आणि नवा, दोन्ही माइक लावले होते. आता कोणता, दादानं विचारलं. अप्पा म्हणाले, "धंद्याला जुनाच. त्याला काही ऐकू येत नाही, बरं असतं." आणि जुन्या लोखंडी माइकसमोर ते तीन दुपारी बोलत राहिले. दादा शब्द सांगायचा, ते म्हणायचे. सोमवार. मंगळवार. पिरियापट्टण. मान्यरे, म्हणजे मंडळी. बन्नि. त्या माइकात खर खरंच येत नव्हती. मी बाहेर बसून अवरेकाळू सोलत होते आणि मला तो प्रत्येक शब्द शिवीसारखा लागत होता.

तिसऱ्या दुपारी सगळं संपलं तेव्हा आई आत आली. म्हणाली, "हे सगळं गावाला. आमचं काय?" तेव्हा लक्षात आलं की अप्पांचा मराठी आवाज कुठंच नव्हता. घरातल्या एका लग्नाच्या कॅसेटीतसुद्धा नाही, तिथंही ते कन्नडमधून पाहुण्यांना पंगतीला बसा म्हणत होते. दादानं नवा माइक त्यांच्या तोंडासमोर ओढला. अप्पा अवघडून उभे राहिले. शेकडो लोकांना बोलावणारा माणूस, पण त्यांना काही सुचेना.

"काय बोलू?" ते म्हणाले.

"काहीपण बोला की," आई म्हणाली.

"काय बोलू, सांग की. काय बोलायचं असतं घरात?"

एवढंच रेकॉर्ड झालं. मग ते हसले, मग खोकला आला आणि दादानं बंद केलं. तो तुकडा माझ्या फोनमध्ये आहे. पहिल्यांदा त्यात मला फक्त खर ऐकू यायची. आता अप्पा ऐकू येतात, आणि मागं, आईच्या बांगड्या. त्या माइकनं त्यासुद्धा घेतल्या.

ऑपरेशन झालं आणि अप्पा राहिले. पुष्कळ वर्षं राहिले. गळ्याला पांढरा रुमाल बांधायचे आणि कुणाला बोलवायचं असलं की टाळी वाजवायचे. पहिले काही महिने वाईट गेले. सकाळी खाकरणं नव्हतं, त्यामुळं कुणाला वेळेवर जाग यायची नाही. सेलची रिक्षा दारावरून अप्पांच्या साठवलेल्या आवाजात "बन्नि, बन्नि" करत गेली की आई रेडिओ मोठा करायची आणि अप्पा तो हातानं बारीक करायचे. त्यांना ऐकायचं असायचं.

मग पुन्हा खंडेनवमी आली. आईनं तबक घेतलं. मशीन, विळी, कात्री, मिक्सर. रंगाच्या खोलीत कॉम्प्युटरला बोट लावलं, जुन्या लोखंडी माइकला लावलं, आणि नव्या माइकपाशी तिचा हात थांबला. तो टाळून ती वळली. मागून टाळी वाजली. अप्पा दारात उभे होते. त्यांनी माइककडे बोट केलं.

"नको," आई म्हणाली. "त्याला चालत नाही. मागं किती झालं."

अप्पा आत आले, तिचं मनगट धरलं आणि तिचं बोट कुंकवाच्या वाटीत बुडवलं. आईनं दादाकडे बघितलं. दादा हातात पुसायचा कपडा घेऊन उभा होता. "खाली दांडीला लाव," तो म्हणाला. मग कपडा कपाटात साड्यांवर ठेवला आणि म्हणाला, "नाही, आई. वर लाव. जाळीलाच लाव."

तिनं लावलं. तो माइक अजून रंगाच्या खोलीत आहे. आई नाही, अप्पा नाहीत, दर खंडेनवमीला मीच त्याला ओलं कुंकू लावते, जाळीवर, तिच्यासारखं. आजवर त्याला काहीही झालेलं नाही.